काबरीची तेरा अंडी

माझी काबरी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली, ती गेल्या आठवड्यातल्या सोमवारी. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बाकीच्या कोंबड्या धडपडत परसात पळतात, ही मात्र कोपऱ्यातल्या बुट्टीत अंग फुगवून बसून राहिली. हात पुढं केला तर पिसं फुलवून कुरकुरली, चोच मारली. उचलून बाहेर ठेवली तर दोन दाणे टिपून परत त्याच जागी. तीन दिवस मी नुसतं बघितलं. खुडूक कोंबडी खरोखर बसणार आहे की दोन दिवसांत उठणार आहे, हे कळायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

पलीकडच्या काकींनी कुंपणावरून विचारलं, "काबरी बसली व्हय गं?"

"बसली की."

"मग चार माझी ठेव. माझ्या तलंगा नुकत्याच घालाय लागल्यात."

तलंग म्हणजे तरुण कोंबडी. संध्याकाळी त्यांचा नातू चार अंडी घेऊन आला. ताकाच्या पातेल्यात तांदळाचा कोंडा, त्यात टोकाकडची बाजू खाली करून खोचलेली. माझी नऊ होती, सगळी आठवड्याच्या आतली. गुरुवारी दिवस मावळल्यावर बुट्टीत भाताचं पिंजार घातलं, थोडी चुलीतली राख भुरभुरली, तेरा अंडी मांडली आणि काबरीला अलगद वर बसवलं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा वेळी पिंजारात एक लोखंडी खिळा ठेवायच्या, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. मीही ठेवते. त्यानं काय होतं ते मला माहीत नाही, पण तो खिळा आत्तींचा आहे.

या काबरीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कोल्हापुरात माझ्या बहिणी राहतात, त्या नेहमी विचारतात की तुमच्या गावात अंड्याच्या बदल्यात ताक, कोंबडीच्या बदल्यात गूळ असं चालतं ते कुठल्या दरानं? एका तलंगेला किती गूळ? मला कधी नीट सांगता आलं नाही. काबरीची गोष्ट सांगितली तर कदाचित सांगता येईल.

मी शिवाजी पेठेतली. २००१ साली लग्न होऊन इकडं आले, भोगावतीच्या काठाला, करवीर तालुक्यातच. शहरापासून तासाभराचंही अंतर नाही, पण पेठेत आम्ही सगळं विकतच आणायचो. अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाजी लक्ष्मीपुरीतल्या रविवारच्या बाजारातून. देवाणघेवाण म्हणजे सणाला ताट. मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला आई आंबील, घुगऱ्या, वरणं-वांग्याची भाजी करायची आणि शेजारी वाटायची, तेवढंच. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात काकींनी पातेलंभर ताक दिलं. मी पातेलं घासून, लखलखीत करून, परत दिलं. आत्तींनी बघितलं. काही बोलल्या नाहीत, पण मला घरात घेऊन गेल्या, पातेल्यात किती मावेल असं हातानं दाखवलं आणि म्हणाल्या, "रिकामं भांडं पाठवू नये पोरी. काय नसलं तर चिमूटभर साखर टाकावी."

आत्तींच्या काळात मोजायची भांडी वेगळी होती. शेर, मापटं, चिपटं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर. सुतार, लोहार, कुंभार यांना सुगीत खळ्यावर बलुतं मिळायचं ते याच मापानं. मी आले तोवर बलुतं संपलं होतं, सुतार रोख मजुरी घेत होता. पण बायकांमधलं उसनंपासनं चालूच होतं. ते लोखंडी चिपटं आजही माझ्याकडं आहे. पिलांना तांदळाची कणी मी त्यानंच घालते. कडा घासून इतकी गुळगुळीत झालीय की बोट फिरवलं तर काचेसारखी लागते.

आणि कोंबड्या बायकांच्या. म्हशीचं दूध डेअरीला जातं, त्याचा पगार दहा दिवसांनी घरच्या खात्यावर जमा होतो, ऊस कारखान्याला जातो, त्याचं बिल मालकाच्या नावावर येतं. अंड्याचा पैसा मात्र आत्तींच्या कमरेच्या पिशवीत. मामंजींनी त्याला कधी हात लावला नाही. नणंदेची शाळेची पुस्तकं, बांगड्या, देवीला ओटी, सगळं त्यातूनच. अजूनही आमच्या गल्लीत अंडं कुणाला द्यायचं, तलंग कुणाकडं धाडायची हे बाईच ठरवते.

आता कुणाकडून काय येतं ते सांगते. काकींच्या दोन म्हशी. त्यांच्याकडून ताक, कधी लोण्याचा गोळा, आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या. शेणींना आमच्याकडं मोठा मान आहे. होळीला लोक होळी लहान करून उरलेल्या शेणी कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीला दान देतात, आमच्या गल्लीतूनही एक ट्रॉली जाते. पाण्याचा बंब मात्र मी वर्षभर काकींच्या शेणींवर तापवते. त्यांना माझ्याकडून अंडी, आणि पाहुणा आला तर कोंबडा. समोरचे अण्णा माळकरी. अंड्याला हात लावत नाहीत. त्यांना खुराड्यातलं खत लागतं. ओलं घातलं तर रोपाची मुळं जळतात, म्हणून मी ते कोपऱ्यात राख-पाचोळ्यात चार महिने मुरवते आणि पोत्यानं देते. त्यांच्या वाफ्यातली मेथी, वांगी, दोडका आमच्या ताटात. मध्ये माझ्या कोंबड्यांनी त्यांचं कोथिंबिरीचं अख्खं वाफं उकरलं होतं, तेव्हा दोन महिने बोलणं थोडं तुटक होतं. मग मी मधे जाळी मारली.

आजऱ्याला नणंद दिली आहे. त्या दिवाळीला घनसाळ तांदूळ आणतात. या तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि दर वाढला, पण नणंदेचं पोतडं तेवढंच येतं. शिजायला लागला की वास समोरच्या अण्णांच्या सोप्यापर्यंत, म्हणजे ओसरीपर्यंत जातो. एका चिपट्याचा भात मी काकींकडं धाडतेच. नणंद जाताना दोन तलंगा पायाला सुतळी बांधून पिशवीत घेऊन जातात. एसटीत कंडक्टर तिकीट मागेल म्हणून पिशवी मांडीवर, वरून पदर.

दिवाळी झाली की तात्यांचं गुऱ्हाळ पेटतं. मला हा सगळ्यात आवडता काळ. तात्या विकायचा गूळ वेगळा आणि घरचा वेगळा करतात. बाजाराला पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप लागते, म्हणून कितीतरी गुऱ्हाळांवर रसात हायड्रॉस नावाची रंग उजळवणारी पावडर टाकतात. घरच्यासाठी तात्या एक काहील बाजूला काढतात. तिला फक्त चुना आणि भेंडीचं पाणी. मळी वर आली की झाऱ्यानं काढत राहायचं. रस आटत आटत तांबूस होतो, बुडबुडे आधी मोठे असतात ते बारीक, जड होत जातात, आणि गुळव्या पळीभर पाक थंड पाण्यात सोडून बोटानं गोळी वळून बघतो. गोळी नीट वळली की हाळी देतो, चौघं काहील उचलून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओततात. त्या रात्री मी पोरांना घेऊन जाते. उसाच्या कांडक्याला गुंडाळलेला गरम गूळ, फुंकून फुंकून खायचा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाच्या गुळातही तात्यांच्या या काळसर रव्याची चव मला कुठं मिळालेली नाही. दहा किलोचा रवा आणि काकवीची एक बाटली आमच्याकडं येते. त्यांच्याकडं वर्षभर अंडी जातात, कारण तात्यांच्या सुनेला कोंबड्या पाळायचं जमत नाही, गुऱ्हाळावर कुत्री फार.

आषाढात कोंबड्याला दर चढतो. कोल्हापुरात टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायला पी ढबाक वाद्यं वाजवत गल्ल्या निघतात, गावागावांत म्हसोबाला, मरीआईला निवद असतात, पाहुण्यांना रस्सा असतो. तेव्हा मी रोखीनं विकते आणि त्यात काही वावगं मानत नाही. मोबाइलचं रिचार्ज, मका, कणी, पोरांची फी गुळावर भागत नाही. श्रावण लागला की उलटं. अंडं कुणी खात नाही, खुराड्यात साठत जातात, तेव्हा मी बसवायला देते. ज्याची कोंबडी खुडूक त्याच्याकडं माझी अंडी. पिलं निम्मी निम्मी.

हे असं वीस वर्षं चाललं होतं. मी त्यात एकदा हिशेब आणला.

२०२० साल. फेब्रुवारीतच कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि ब्रॉयलरचा दर कोसळला. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले. गल्लीतली देवाणघेवाण मात्र दुप्पट झाली. माझ्याकडं तेव्हा दिवसाला दहा-बारा अंडी निघत होती. घरात बसून मला वाटलं, आपण हे नीट लिहून ठेवावं. पोराच्या कोऱ्या वहीत रकाने आखले. अंडं १० रुपये, ताक लिटरला २०, मेथीची पेंडी १०. रोज रात्री लिहायची. त्यात मला मोठं समाधान वाटत होतं, हे खरं आहे. एप्रिल संपला तेव्हा काकींकडं १४० रुपये निघाले.

मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं, "काकी, हिशेब केला तर तुमच्याकडं एकशे चाळीस निघतात बघा. गडबड काही नाही."

काकी शेण थापत होत्या. हात थांबले, परत सुरू झाले. संध्याकाळी नातू दोनशेची नोट घेऊन आला. "आजीनं दिल्यात. आन उरल्यालं नगं म्हणाली."

त्यानंतर सतरा दिवस पातेलं आलं नाही. काकी बोलायच्या, पण जेवढ्यास तेवढं. मी डेअरीतून ताकाच्या पिशव्या आणल्या. आधी मला राग आला होता. मी काय चुकीचं बोलले, आकडे तर बरोबर होते. मग एका रात्री बंबात शेणी घालताना आठवलं. २००४ साली माझा थोरला झाला तेव्हा मला टाके होते, आत्तींचा हात मोडलेला. काकींनी तीन महिने रोज तांब्याभर दूध आणून ओट्यावर ठेवलं. सकाळी, डेअरीला घालायच्या आधी. त्या तांब्याबद्दल आमच्या घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही, इतकं ते रोजचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकींकडं गेले. मुद्दाम रिकाम्या हातानं गेले. अंडी घेऊन गेले असते तर तोही हिशेबच झाला असता. त्या भाकरी थापत होत्या. मी चुलीपुढं बसले आणि चुकलं म्हणाले. त्यांनी एक भाकरी पाटीत टाकली, दुसरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाल्या, "वहीत माझं दूध कुटल्या पानावर लिवलंस?"

मला बोलता आलं नाही. त्यांनी गरम भाकरी, त्यावर खर्डा आणि तेल माझ्यापुढं सरकवलं. "खा," म्हणाल्या. सकाळी पातेलं आलं.

त्या वहीची पुढची पानं मी आता वेगळ्या कामाला लावलीत. कोंबडी कधी बसवली, पिलं कधी निघाली, लस कधी दिली. ते लिहायलाच हवं. कोंबड्यांच्या बाबतीत निष्काळजीपणानं मी पुढं मोठं नुकसान केलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी एका बाजारातून चार तलंगा आणल्या. स्वस्त मिळाल्या म्हणून आणल्या. आत्ती असत्या तर बाहेरची कोंबडी आल्या दिवशी खुराड्यात घातली नसती. त्या नवी कोंबडी गोठ्याच्या पलीकडं डालग्याखाली ठेवायच्या, वेगळं पाणी, वेगळा दाणा, तीन आठवडे. मला ते माहीत होतं. पण त्या दिवशी घरात पाहुणे होते, अंधार पडत होता, आणि मी चौघींना सरळ आत सोडलं. दोन दिवसांनी त्याच खुराड्यातली एक कोंबडी मी काकींना अंड्यावर बसवायला दिली.

सहाव्या दिवशी नव्यांपैकी एक पंख पाडून कोपऱ्यात उभी. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. चोच उघडून श्वास घेत होती. दुसऱ्या दिवशी तिची मान फिरायला लागली. मान उलटी पाठीवर जायची, ती गोल गोल फिरून पडायची. मानमोडी. सरकारी भाषेत राणीखेत, तिकडं उत्तराखंडातल्या गावाचं नाव. आली की औषध नाही. आठवड्यात माझ्या १९ पैकी १६ गेल्या. आत्तींनी राधानगरीकडच्या माहेराहून आणलेल्या काबरीची जी पिढी मी सांभाळली होती, तिची शेवटची कोंबडी माझ्या हातात गेली. मान सरळ धरून चमच्यानं पाणी पाजत होते. काकींच्या सातही गेल्या.

काकींना मीच जाऊन सांगितलं की हे माझ्यामुळं आलं. नव्या कोंबड्या वेगळ्या ठेवल्या नाहीत, आणि तुम्हाला कोंबडी दिली ती त्यातलीच. काकींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आधी खड्डा काढूया. कुत्र्यानं वडून गावभर न्हेलं तर आणखी पसरंल." आम्ही दोघींनी परसाच्या टोकाला कमरेइतका खड्डा काढला, तळाला चुना, मग पक्षी, वर परत चुना. त्यांनी मला त्या दिवशीही बोल लावला नाही आणि नंतरही नाही. मी स्वतःला पुष्कळ लावला.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले तेव्हा खरी गोष्ट कळली. लस आहे, महाग नाही. पिलू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बीचं इंजेक्शन. आम्ही कधी दिली नव्हती, कारण बाटली येते १०० पक्ष्यांची. बर्फात ठेवून आणायची, एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्याला चालत नाही. दहा-बारा कोंबड्यांची बाई शंभराची बाटली कशाला फोडेल? म्हणून कुणीच देत नव्हतं, आणि म्हणून एकीची कोंबडी आजारी पडली की सगळ्या गल्लीची जात होती.

मी घरोघर फिरले. माझ्याकडं तेव्हा फक्त तीन कोंबड्या उरल्या होत्या, तरी फिरले. कुणाची किती पिलं, कुणाची किती मोठी, वहीत लिहिलं. तात्यांच्या सुनेनं थर्मास दिला, अण्णांनी मोटारसायकलवरून बाटली आणून दिली, माळकरी माणूस कोंबडीची लस आणायला गेला. उन्हं उतरल्यावर आमच्या सोप्यात बायका डालगी घेऊन बसल्या. एकीनं पक्षी धरायचा, दुसरीनं थेंब सोडायचा, पापणी मिटेपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या खेपेला ६८ पक्षी झाले. आता ९० च्या आसपास होतात. बर्फाची पाळी लावली आहे.

उरलेल्या तिघींना डालग्याखाली ठेवून खुराडं मी दीड महिना रिकामं ठेवलं. चुन्यानं आतून-बाहेरून रंगवलं, जमीन खरवडून टाकली, उन्हात तापू दिलं. पहाटे आरवणं नाही, दुपारी अंडं घातल्यावरची कॉक-कॉक नाही. घर मुकं झालं होतं. काकींचं ताक येत होतं. पातेल्यात घालायला माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून मी साखर टाकत होते. चिमूटभर.

आता माळावरच्या आक्का. त्यांचं घर गावाबाहेर, उंचावर. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि भोगावती आमच्या परसात शिरली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही म्हशी, धान्य आणि डालग्यातल्या कोंबड्या ट्रॅक्टरवर घालून आक्कांच्या माळावर नेल्या. बारा दिवस त्यांच्याकडं राहिलो. पंधरा माणसांची चूल होती ती. पाणी ओसरल्यावर निघताना मी दोन काबऱ्या तलंगा त्यांच्याकडं ठेवल्या. त्यांनी नको नको म्हटलं, मी ठेवल्या. नंतर पूर, घराची लिपापोती, टाळेबंदी यात त्या तलंगा माझ्या डोक्यातूनही गेल्या.

२०२३ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, रात्री आठला दारात आक्का उभ्या. डोक्यावर बुट्टी, वर ओलसर फडकं. खाली उतरवली तर आत काबरी. तेच करडे-पांढरे ठिपके, तोच छोटा तुरा. खाली अंडी.

"खुडूक हाय. अंधारातनं आणली की उठत न्हाई," आक्का म्हणाल्या. "तुझ्या सासूच्या काबरीचंच बियाणं हाय हे. माझ्याकडं आता लई झालंय."

मी विचारलं, काय द्यायचं. त्या म्हणाल्या, "निम्म्या वाट्यानं. कोंबडी पिलं सोडली की माझी मला."

तेरातून अकरा निघाली. एकविसाव्या दिवशी पहाटे पहिल्या अंड्याला टिचकीएवढी चीर पडली आणि आतून आवाज आला. मी खुराड्यापुढं पोतं टाकून बसले ती उन्हं वर येईपर्यंत उठले नाही. सातव्या दिवशी लासोटाचा थेंब, वहीत तारीख. दोन महिन्यांनी पिलं सुटी झाल्यावर आक्का कोंबडी न्यायला आल्या. पाच त्यांची, पाच माझी. अकराव्याचं काय करायचं यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि आक्काच ते उचलून कुंपणापाशी गेल्या. काकींच्या खुराड्यात मानमोडीनंतरची ती पहिली कोंबडी. आता काकींच्या तलंगा आहेत त्या तिच्याच.

आज परत गुरुवार, काबरीला बसून सात दिवस झाले. रात्री खोलीतला दिवा मालवून मोबाइलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरलं. जिवंत अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, बारीक, थरथरणाऱ्या. रिकामं असलं की नुसता पिवळसर उजेड आरपार. तेरातून अकरा भरलेली निघाली. दोन रिकामी बाजूला काढली आणि कुंपणावरून काकींना हाक मारली.

"काकी, दोन गेली."

"कुटली? माझी का तुझी?"

मी अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख घातली होती, कुणाची ते घातलं नव्हतं.

पिलं आणखी चौदा दिवसांनी निघतील, गुरुवारीच. त्यापुढच्या बुधवारी लस ठेवलीय, संध्याकाळी पाचला, आमच्या सोप्यात. बर्फ या खेपेला काकींकडं आहे.